जुने द्या, नवे घ्या. पण जुन्याचे पुढे काय?

दसरा जवळ आला की आमच्या सोलापूरच्या नवी पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांवर ‘जुने द्या, नवे घ्या’ असे फलक झळकू लागतात. पूर्वी हा व्यवहार फ्रिज, टीव्ही आणि वॉशिंग मशीनपुरता होता. आता साउंडबार, होम थिएटर आणि स्मार्ट स्पीकरही त्यात आले आहेत. जुना ॲम्प्लिफायर, जुना डेक, जुन्या स्पीकरची जोडी, असे काहीही आणून द्यावे आणि नव्या वस्तूच्या किमतीत सूट घ्यावी, असा हा वरकरणी सरळ व्यवहार आहे. घरातली अडगळ कमी होते, दुकानदाराचा माल खपतो, आणि अलीकडे त्याला पर्यावरणाची जोडही दिलेली असते: तुमची जुनी वस्तू रिसायकलिंगसाठी पाठवली जाईल. मला लिहायचे आहे ते या शेवटच्या आश्वासनाबद्दल. गाणी ऐकण्याच्या उपकरणांच्या बाबतीत हे आश्वासन प्रामाणिकपणे पाळले गेले तरीही बऱ्याचदा नुकसानच होते, कारण जी वस्तू अजून वीस वर्षे वाजू शकली असती तिचा चुरा करणे याला पर्यावरणाचे काम म्हणता येत नाही.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा शिक्षक आहे. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत मुलांना ॲम्प्लिफायर जोडायला शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे असा एखादा जुना खोका दुकानाच्या काउंटरवर आला की त्याच्या आत काय आहे आणि त्यातले किती धडधाकट आहे, याचा विचार आपोआप मनात सुरू होतो. गेल्या दिवाळीत शेजारच्या काकांनी साउंडबार घ्यायचे ठरवले आणि मला सोबत नेले. त्यांचा जुना ॲम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर रिक्षातून आणले होते. संच चालू आहे की बंद, हे दुकानात कोणी विचारलेच नाही. काउंटरवरच्या मुलाने पक्कड घेतली, ॲम्प्लिफायरची मेनची वायर मुळाशी कापली, मोबाइलवर फोटो काढला आणि तो कुठल्याशा ॲपवर चढवला. मी कारण विचारले तेव्हा दुकानाचे मालक म्हणाले, “सर, कंपनीचा नियमच आहे बघा. वायर कापल्याचा फोटो गेल्याशिवाय सूट पास होत नाही. माल परत बाजारात यायला नको म्हणतात.” मालकांचा यात काही दोष नव्हता. ज्या कंपनीचा तो नियम होता तिच्या जाहिरातीत मात्र हिरवी पाने आणि पृथ्वीचे चित्र होते.

चालू संचाला आणि बंद संचाला एकच भाव मिळतो, याचा अर्थ त्या व्यवहारात ‘चालू असणे’ या गुणाची किंमत शून्य धरलेली आहे. सूट ही जुन्या वस्तूची किंमत नसून नवी वस्तू विकण्याच्या खर्चाचा भाग आहे, हे एकदा लक्षात घेतले की पुढच्या सगळ्या गोष्टी समजायला सोप्या जातात.

तरीही कापलेली वायर पुन्हा जोडता येते. असे वायर कापलेले संच भंगाराच्या दुकानांतून किलोच्या भावाने फिरत फिरत दुरुस्ती करणाऱ्यांकडे येतात, आणि नवी वायर डकवून पाच मिनिटांत वाजू लागतात. खरी अडचण सुरू होते ती उपकरण मारण्याचे काम पक्कडीऐवजी सॉफ्टवेअर करू लागते तेव्हा. या बाबतीत सोनोस या अमेरिकी कंपनीचे प्रकरण मला फार महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे त्याची फारशी चर्चा झाली नाही, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

सोनोसची स्थापना २००२ साली कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे झाली. घरातल्या वेगवेगळ्या खोल्यांत वायफायवरून एकाच वेळी एकच गाणे वाजवणारे स्पीकर लोकांच्या घरात रुजवण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात तिला जाते. तिची उपकरणे महाग, पण टिकाऊ. आजवर विकलेल्या उपकरणांपैकी ९२ टक्के अजून वापरात आहेत, असे कंपनीनेच २०२० च्या सुरुवातीला सांगितले होते. कोणत्याही उत्पादकाने अभिमानाने मिरवावा असा हा आकडा आहे. पण ज्याचा व्यवसाय नवी उपकरणे विकण्यावर चालतो त्याच्यासाठी तीच डोकेदुखीही असते. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर कंपनीने ‘ट्रेड अप’ नावाची योजना आणली. जुन्या ठरावीक उपकरणांच्या मालकांना नव्या खरेदीवर ३० टक्के सूट मिळणार होती. अट एवढीच होती की जुने उपकरण ‘रिसायकल मोड’मध्ये टाकायचे. हा मोड एकदा सुरू केला की २१ दिवसांची मुदत सुरू होत असे, आणि ती संपली की ते उपकरण कायमचे निकामी होत असे. मधेच मन बदलले तरी माघार घेता येत नव्हती. उपकरण कंपनीकडे परत पाठवण्याचीही सक्ती नव्हती. ते जवळच्या ई-कचरा केंद्रात द्यावे, अशी सूचना होती. म्हणजे कंपनीला ती वस्तू नको होती. ती पुन्हा कोणाच्या घरी वाजू नये, एवढेच तिला हवे होते.

डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका ई-कचरा केंद्रातील कर्मचाऱ्याने ही गोष्ट समाजमाध्यमांवर मांडली. त्याच्याकडे सोनोसचे स्पीकर येत होते ते सुस्थितीत होते, पुसून ठेवले तर कोणालाही विकता आले असते; पण रिसायकल मोडमुळे त्यांचे तुकडे करण्यापलीकडे काहीच करता येत नव्हते. या एका तक्रारीने मोठे वादळ उठले. कंपनीचे म्हणणे असे होते की दहा-दहा वर्षांची जुनी उपकरणे अनभिज्ञ नव्या ग्राहकाच्या हाती गेली तर त्याला चांगला अनुभव मिळणार नाही, म्हणून ती चलनातून बाहेर काढणेच जबाबदारीचे आहे. हा युक्तिवाद मला अजिबात पटत नाही. सेकंडहँड माल घेणाऱ्याला आपण काय घेतो आहोत हे चांगले कळते. तो कमी पैसे देतो ते त्यासाठीच.

वाद शमायच्या आत, २१ जानेवारी २०२० रोजी, कंपनीने जाहीर केले की मे महिन्यापासून काही जुन्या उपकरणांना नवीन सॉफ्टवेअर मिळणार नाही. त्यांत सुरुवातीच्या काळातले झोन प्लेयर होते, ब्रिज होता आणि पहिल्या पिढीचा प्ले:५ हा स्पीकरही होता. त्या यादीतली काही उपकरणे २०१५ पर्यंत दुकानांत नवी म्हणून विकली जात होती. ग्राहकांचा संताप एवढा झाला की दोनच दिवसांनी तेव्हाचे मुख्य अधिकारी पॅट्रिक स्पेन्स यांना जाहीर पत्र लिहून माफी मागावी लागली. जुनी उपकरणे मे महिन्यानंतरही चालत राहतील आणि शक्य तितका काळ त्यांच्या दोषांची व सुरक्षिततेची दुरुस्ती केली जाईल, असे त्यांनी लिहिले. मार्चमध्ये रिसायकल मोड काढून टाकण्यात आला. सूट हवी असेल त्याने आपले जुने उपकरण ठेवावे, द्यावे किंवा कचऱ्यात पाठवावे, ते त्याच्या मर्जीवर सोडले गेले. जूनमध्ये नव्या उपकरणांसाठी एस-२ हे वेगळे ॲप आले आणि जुन्यांना एस-१ वर राहता आले. थोडक्यात, जे आधी अशक्य म्हणून सांगितले गेले होते ते लोकांनी आवाज उठवल्यावर काही आठवड्यांत शक्य झाले.

आता यातला तांत्रिक भाग. घरात आवाज निर्माण करणाऱ्या आजच्या उपकरणात दोन वेगवेगळ्या आयुष्यांच्या वस्तू एका खोक्यात कोंडलेल्या असतात. एक भाग म्हणजे खुद्द आवाजाचा: लाकडी किंवा प्लास्टिकचे खोके, कागदाचा किंवा पॉलिप्रॉपिलीनचा कोन (आवाज देणारा शंकूसारखा पडदा), तांब्याची कॉइल, चुंबक आणि त्यांना चालवणारा ॲम्प्लिफायर. हे तंत्र फार हळू बदलते. चाळीस वर्षांपूर्वीचा चांगला स्पीकर आजही चांगलाच वाजतो, आणि तो आजच्या कोणत्याही ॲम्प्लिफायरला लावता येतो. दुसरा भाग म्हणजे प्रोसेसर, मेमरी, वायफायची चिप आणि त्यावर चालणारे सॉफ्टवेअर. याचे आयुष्य फोनइतके, म्हणजे फार तर सात-आठ वर्षांचे असते. गाण्यांच्या सेवा बदलतात, सुरक्षिततेचे नियम बदलतात, मेमरी अपुरी पडते. पहिला भाग दुसऱ्याला जखडून टाकला की धाकट्याच्या मरणाबरोबर थोरल्यालाही जावे लागते.

हे मरण किती लहानशा कारणाने येऊ शकते याचे एक उदाहरण मार्च २०२५ मध्ये दिसले. टीव्हीला आणि म्युझिक सिस्टिमला लावायची गूगलची दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट आणि क्रोमकास्ट ऑडिओ ही २०१५ सालची उपकरणे ९ मार्चच्या सुमारास जगभर एकाच वेळी बंद पडली. आतली एकही कॉइल जळाली नव्हती, एकही कंडेन्सर फुगला नव्हता. उपकरणाची ओळख पटवण्यासाठी वापरलेल्या डिजिटल प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत संपली होती, एवढेच. गूगलने काही दिवसांत दुरुस्तीचे अपडेट पाठवले आणि बहुतेक उपकरणे पुन्हा सुरू झाली. कंपनी जिवंत होती आणि तिने मनावर घेतले, म्हणून हे झाले. या दोन्हींपैकी एक जरी नसते तर जुन्या म्युझिक सिस्टिमला वायफाय देणारी ती छोटीशी डबी कायमची निरुपयोगी ठरली असती.

उलट बाजूने पाहिले तर जुन्या उपकरणांना मरण येतच नाही असेही नाही. ते येते, पण त्याची कारणे हाताने दूर करता येतात. आपल्या सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जातो, आणि काचेच्या शोकेसमध्ये बंद केलेल्या ॲम्प्लिफायरच्या आत तो आणखी चढतो. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचे आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते, हा आमच्या विषयातला ढोबळ नियम आहे. म्हणून इथल्या ॲम्प्लिफायरमध्ये सगळ्यांत आधी कंडेन्सर जातात, आवाजात गुणगुण सुरू होते, आणि घरातले म्हणतात की आता सेट म्हातारा झाला. काही रुपयांचे कंडेन्सर बदलले की तो पूर्ववत होतो. डेकचा रबरी बेल्ट वितळून डांबरासारखा चिकट होतो. तो स्पिरिटने पुसून नवा घालता येतो. आयसी, म्हणजे ॲम्प्लिफायरची चिप, उडाली तर ४४४० आणि एसटीके ही अशा चिपची नावे आपल्याकडच्या प्रत्येक मेकॅनिकला तोंडपाठ असतात, आणि मूळ कंपनीची नाही मिळाली तरी चालणारा पर्याय मिळतो. स्पीकरच्या कोनाभोवतीची फोमची कड दहा-वीस वर्षांत भुसभुशीत होऊन गळून पडते. तीही नवी बसवता येते.

ही कड बसवण्याचे काम पाहण्यासारखे असते. पूर्व भागात माझ्या ओळखीचे एक तेलुगूभाषक मेकॅनिक आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांच्या टपरीएवढ्या दुकानात मी एकदा हे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिले. आधी त्यांनी ब्लेडने मधली गोल टोपी कापून अलगद उचलली. जुन्या फोमचा चिकट भुगा नखाने आणि थिनरने काढला. मग जुनी एक्स-रे फिल्म कात्रीने बोटभर लांब पट्ट्यांमध्ये कापली आणि त्या पट्ट्या कॉइल आणि मधला लोखंडी खांब यांच्यातल्या फटीत चारी बाजूंनी सरकवल्या, जेणेकरून कॉइल अगदी मधोमध राहावी. ती फट केसाएवढी असते. कॉइल जराशी कलली तर खांबाला घासते आणि प्रत्येक सुरामागे खरखर येते. त्यानंतर नव्या कडेला गोंद लावून ती कोनावर आणि चौकटीवर दाबून बसवली. रात्रभर वाळू दिले. दुसऱ्या दिवशी पट्ट्या काढल्या, चारही बोटांनी कोन सावकाश खाली-वर केला आणि कान जवळ नेऊन घासल्याचा आवाज येतो का ते ऐकले. आवाज येत नाही अशी खात्री झाल्यावरच वरची टोपी चिकटवली. एवढी सगळी मेहनत, आणि लागलेल्या सामानाचा खर्च दोन माणसांच्या साध्या जेवणाएवढा.

त्याच टेबलावर एक स्मार्ट स्पीकर पडलेला होता. कोणाच्या तरी मुलाने पुण्याहून आणलेला, कंपनीने सेवा बंद केल्यामुळे मुका झालेला. अण्णांनी तो उघडून दाखवला. बाहेरून एकही स्क्रू नाही. तळाची रबरी चकती गरम करून सोलावी लागली, त्याखाली प्लास्टिकच्या खाचा आणि गोंद. आत एक उत्तम स्पीकर, भक्कम चुंबक, व्यवस्थित बांधलेले खोके. पण बाहेरून आवाज आत देण्यासाठी एकही सॉकेट नाही. “हे बघा सर,” अण्णा म्हणाले, “स्पीकर एकदम फर्स्ट क्लास हाय. पण आत जायला दारच ठेवलं नाही की ओ.” त्यांनी मूळ बोर्ड काढून टाकला, त्या जागी बाजारात शे-दोनशे रुपयांना मिळणारा ब्लूटूथ ॲम्प्लिफायर बोर्ड बसवला, आणि तो स्पीकर आता एका विडी वळणाऱ्या मावशींच्या घरी आहे. दिवसभर हात सुपातल्या पानात आणि तंबाखूत गुंतलेले असतात, कान मात्र मोकळे असतात. आमच्याकडे विडी कामगार बायकांची आणि आकाशवाणीची सोबत फार जुनी आहे.

दार ठेवण्याचा मुद्दा मला सगळ्यांत कळीचा वाटतो. मोठ्या ॲम्प्लिफायरला लागणारा पाव इंची जॅक एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधून आला आहे. लाल-पांढऱ्या तोंडांची आरसीए पिन ऐंशी वर्षांहून जुनी आहे. फिलिप्सने १९६३ साली कॉम्पॅक्ट कॅसेट आणली आणि पुढे तिचे तंत्र इतर उत्पादकांना विनाशुल्क वापरू दिले, म्हणून कोणत्याही कंपनीची कॅसेट कोणत्याही कंपनीच्या टेपरेकॉर्डरमध्ये चालली. हे सगळे दुवे कोणा एकाच्या सर्व्हरवर अवलंबून नव्हते. आजच्या स्पीकरच्या पाठीमागे बाहेरचा आवाज वायरने आत घेणारे एक साधे ऑक्स सॉकेट ठेवले तर आतले सॉफ्टवेअर मेल्यावरही तो स्पीकर म्हणून जगू शकतो. त्याला खर्च नगण्य येतो, हे मी विषयाच्या माहितीवरून ठामपणे सांगू शकतो.

उत्पादकांची बाजू काहीच नाही असे मी म्हणणार नाही. इंटरनेटला जोडलेले उपकरण सुरक्षिततेच्या अपडेटशिवाय चालू ठेवणे धोक्याचे असते, आणि वीस वर्षांपूर्वीच्या तुटपुंज्या मेमरीत आजचे सॉफ्टवेअर मावत नाही, हे खरे आहे. अनंतकाळ अपडेट द्यावेत अशी मागणी मी करत नाही. मागणी एवढीच आहे की आपला हात काढून घेताना दार उघडे सोडावे. हे होऊ शकते याची उदाहरणे आहेत. लॉजिटेकने २०१२ साली स्क्वीझबॉक्स ही वायफाय प्लेयरची मालिका थांबवली. पण तिचे सर्व्हर सॉफ्टवेअर मुळातच खुले होते, त्यामुळे हौशी लोकांनी ते पुढे चालू ठेवले आणि आज ते लिरियन या नावाने जगते आहे. बोसने २०१३ पासूनच्या साउंडटच स्पीकरांची क्लाउड सेवा बंद करण्याचे ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले, तेव्हाही ग्राहक चिडले. मग कंपनीने मुदत वाढवली आणि त्या स्पीकरांशी बोलण्याच्या पद्धतीची तांत्रिक कागदपत्रे सर्वांसाठी खुली केली. दोन्ही ठिकाणी कंपनीचे आकाश कोसळले नाही.

आपल्या देशातले नियम काय म्हणतात, हेही पाहायला हवे. २०१६ च्या ई-कचरा नियमांत जी २१ उपकरणे होती त्यांत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी, संगणक आणि फोन होते. ॲम्प्लिफायर आणि रेडिओ नव्हते. नोव्हेंबर २०२२ मध्ये नवे नियम अधिसूचित झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांत उपकरणांची संख्या १०६ झाली, आणि रेडिओ, ऑडिओ ॲम्प्लिफायर, ध्वनिमुद्रणाची व ध्वनी ऐकवण्याची इतर उपकरणे त्या यादीत आली. उत्पादकाला आता आपल्या विकलेल्या मालाच्या ठरावीक हिश्शाइतके रिसायकलिंग नोंदणीकृत केंद्राकडून झाल्याचे दाखवावे लागते: पहिल्या दोन वर्षांत ६० टक्के, पुढच्या दोन वर्षांत ७० आणि २०२७-२८ पासून ८० टक्के. साउंडबारच्या एक्स्चेंज फलकांवर हिरवी पाने अलीकडे का दिसू लागली, याचे उत्तर यात आहे असे मला वाटते.

हे नियम आवश्यक आहेत आणि त्यांचे मी स्वागत करतो. पण रिसायकलिंगचे प्रमाणपत्र ज्या धातूंच्या हिशेबाने मिळते ते चार आहेत: सोने, तांबे, लोखंड आणि ॲल्युमिनियम. या हिशेबाने जुना ॲम्प्लिफायर हा फार आकर्षक ऐवज ठरतो, कारण त्याचा ट्रान्सफॉर्मर तांब्याने आणि लोखंडाने भरलेला असतो आणि हीट सिंक ॲल्युमिनियमचा असतो. म्हणजे जो संच दुरुस्तीला सगळ्यांत सोपा, तोच मोडायला सगळ्यांत फायद्याचा. त्याच नियमांत दुरुस्त करून पुन्हा वापरात आणण्यालाही स्थान दिले आहे: नोंदणीकृत केंद्रात वस्तू नीट केली तर उत्पादकाची जबाबदारी तेवढ्या काळासाठी पुढे ढकलली जाते, आणि वाढीव आयुष्य संपल्यावर त्यातला ७५ टक्केच भाग त्याच्या रिसायकलिंगच्या जबाबदारीत धरला जातो. तरतूद चांगली आहे. पण अण्णांसारखा एकट्याने काम करणारा मेकॅनिक सरकारी पोर्टलवर नोंदणी करून असली प्रमाणपत्रे देईल ही अपेक्षा अवास्तव आहे, आणि दुरुस्तीचे खरे कौशल्य तर त्यांच्याच बोटांत आहे. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि पोर्टलही सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इतर इलेक्ट्रॉनिक उपकरणे, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू आणि वाहने ही त्यासाठी ठरवलेली क्षेत्रे. तिथे ध्वनी-उपकरणांच्या सुट्या भागांचा आणि सर्किटच्या नकाशांचा प्रश्न जोमाने मांडला जायला हवा.

भंगाराच्या व्यवसायाकडे मी भाबडेपणाने पाहत नाही, हेही स्पष्ट करतो. गल्लोगल्ली फिरणारा भंगारवाला जेवढ्या वस्तू मोडीतून वाचवतो तेवढ्या कोणतीही सरकारी यंत्रणा वाचवत नाही; पण साखळीच्या शेवटच्या टोकाला तांब्यासाठी वायरींचे जुडगे उघड्यावर जाळले जातात, आणि बोर्डांवरचे सोने काढण्यासाठी आम्लाचा वापर होतो. त्या धुराची आणि आम्लाची किंमत तिथली माणसे छातीने मोजतात. जगात २०२२ साली ६२ दशलक्ष टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालात म्हटले आहे. खरोखर मेलेला बोर्ड आणि फुगलेली लिथियम बॅटरी नोंदणीकृत केंद्रातच गेली पाहिजे, याबद्दल दुमत असू नये. मी बोलतो आहे ते त्याच्या आधीच्या पायऱ्यांबद्दल. आपल्या घरी चादर विरली की ती लगेच फेकली जात नाही. आधी अंगावरची अंथरायला जाते, मग गोधडीच्या पोटात जाते आणि अगदी शेवटी पुसायला लागते. ॲम्प्लिफायरलाही असाच क्रम मिळायला हवा: आधी दुसऱ्याच्या घरी, मग दुरुस्तीला, मग सुट्या भागांसाठी, आणि त्यातूनही जे उरेल तेवढेच भट्टीत.

म्हणून या वर्षी कोणी मला विचारले तर मी तीन गोष्टी सांगतो. संच चालू असेल तर तो एक्स्चेंजमध्ये देण्याआधी ओळखीत कोणाला हवा आहे का ते पाहा. शाळा, तालमी, वाचनालये यांना साध्या ॲम्प्लिफायरची गरज नेहमी असते. नवा स्पीकर घेताना ॲप कितीही देखणे असले तरी आधी तो वळवून पाठीमागे ऑक्सचे सॉकेट आहे का ते पाहा. आणि बॅटरीवर चालणारा घेत असाल तर बॅटरी बदलून मिळते का, हे बिल करण्याआधी विचारा; ती दोन-तीन वर्षांत मंदावते आणि चिकटवलेली असेल तर स्पीकरही तिच्याबरोबर जातो.

नवी पेठेतल्या त्या मालकांशी माझे नंतर पुन्हा बोलणे झाले. चालू स्थितीतले संच वेगळे काढायला त्यांची काही हरकत नाही. जागेची अडचण आहे, पण टेम्पो येईपर्यंत दोन-चार दिवस ठेवू, असे ते म्हणाले. अण्णाही ते घेऊन जायला आणि तपासून द्यायला तयार आहेत. अडले आहे ते कंपनीच्या ॲपवरच्या अर्जात. त्यात मॉडेल, वजन आणि वायर कापल्याचा फोटो यांसाठी जागा आहे. संच चालू आहे किंवा दुरुस्तीयोग्य आहे असे नोंदवायला रकानाच नाही, आणि फोटोशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. तो रकाना घालावा आणि तसे नोंदवलेल्या संचांना फोटोच्या अटीतून वगळावे, असे पत्र मी त्या कंपनीच्या पुण्याच्या कार्यालयाला पाठवले आहे, आणि दुकानाच्या मालकांनी त्यावर आपली सही केली आहे. उत्तर आले की ते इथे देईन.